ओझरहून पहिल्यांदा उडताना

माइल्स, म्हणजे विमानप्रवासावर मिळणारे पॉइंट्स, जमवायचेत ना? आधी एअरलाइनची मेंबरशिप घे, फुकट असते. नंबर तिकीट काढतानाच टाक. राहिलाच तर बोर्डिंग पास जपून ठेव, मागाहून माइल्स मागताना लागतो. खात्यावर आणि तिकिटावर नावाचं स्पेलिंग एकच हवं. क्रेडिट कार्डांच्या नादी एवढ्यात लागू नकोस.

आणि ओझरला, म्हणजे नाशिकच्या विमानतळावर, खिडकीच घे! विमानं बनवणाऱ्या सरकारी एचएएल कंपनीची धावपट्टी आहे ती. सुखोई-३० लढाऊ विमानं इथे बांधली गेली. नाशिकमध्ये तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए लढाऊ विमान १७ ऑक्टोबर २०२५ ला इथूनच उडालं. नशिबात असेल तर आपलं विमान धावपट्टीकडे जाताना एखादं दिसेलही. फ्लाइटरडारवर (विमानं कुठे आहेत ते दाखवणारं अ‍ॅप) शोधत बसू नकोस, लष्करी विमानं तिथे बहुधा दिसत नाहीत. फोटोच्या मोहात पडू नकोस, मोबाइल खिशातच बरा, आणि क्रूने खिडकीचं शटर खाली करायला सांगितलं तर हुज्जत घालू नकोस.