कोल्हापूर भूकंपाच्या झोन 3 मध्ये येतं, तर नदीकडच्या दहा मजली इमारतीत फ्लॅट घेणं कितपत धोक्याचं?

मी कोल्हापुरात आरसीसी डिझाइनची कामं करतो, त्यामुळं महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न कानावर येतोच. झोन 3 ऐकून घाबरू नका, आणि 'झोन 4 नाही ना, मग बास' असं म्हणून निर्धास्तही होऊ नका. तुमच्या प्रश्नात झोनपेक्षा 'नदीकडची' आणि 'दहा मजली' हे शब्द जास्त कामाचे आहेत.

आपल्याकडं हादरे येतात ते मुख्यतः कोयना-वारणा पट्ट्यातून. कोयनानगर इथून सरळ रेषेत नव्वदेक किलोमीटर, वारणेवरचं चांदोलीचं धरण तर साठेकच. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी कोयनेला 6.3 चा धक्का बसला, तेव्हा आमची आजी मंगळवार पेठेत राहायची. फडताळातली पितळेची भांडी खणखणली, तर तिला वाटलं मांजर शिरलं. ती शुक शुक करत उठली आणि मग बघते तर कंदील झुलतोय.

धोक्याचा अंदाज बांधायची सुरुवात अशा नोंदींपासूनच होते. कोयनेचं पाणी 1962 च्या सुमारास साठायला लागलं, तेव्हापासून त्या पट्ट्यात 4 च्या वरचे दोनशेच्या आसपास भूकंप झालेत आणि 5 च्या वरचे वीसेक. म्हणजे एक अंक वर चढलं की संख्या दहा पटीनं कमी. जगभर साधारण हेच प्रमाण सापडतं. त्यावरून मोठा धक्का किती वर्षांनी अपेक्षित धरायचा ते काढतात, मग तो अंतरानुसार किती क्षीण होईल ते बघतात आणि शेवटी जागेवरची जमीन हिशेबात धरतात. अमुक तारखेला भूकंप होणार, असं यातून कधीच निघत नाही. 'पन्नास वर्षांत याहून जोराचा हादरा बसायची शक्यता दहा टक्के' अशा भाषेत उत्तर मिळतं.

यातली मेख म्हणजे नोंदी फार थोड्या वर्षांच्या आहेत. किल्लारी तेव्हाच्या नकाशात झोन 1 मध्ये, म्हणजे सगळ्यात सुरक्षित भागात होती. 30 सप्टेंबर 1993 ला तिथं काय झालं ते सांगायला नको. त्यानंतर नकाशाच बदलावा लागला.

आता तुमच्या इमारतीचं बघू. आयएस 1893 या भूकंप-डिझाइनच्या भारतीय कोडच्या 2016 च्या आवृत्तीत हादऱ्याच्या जोराचा गुणांक झोन 3 साठी 0.16 आणि झोन 4 साठी 0.24, म्हणजे दीडपट. आणि त्याच कोडमध्ये दहा मजल्यांच्या आसपासच्या इमारतीला कठीण जमिनीपेक्षा मऊ जमिनीवर 1.67 पट जोर धरायला सांगितलाय. कळलं का? झोनची रेघ ओलांडण्यापेक्षा पायाखाली मऊ माती लागणं महाग पडतं. (तीन मजली घराला कोडमध्ये हा फरक पडत नाही. ते आपल्याच लयीत भराभर हलतं. मऊ मातीची लय संथ, आणि ती उंच इमारतीशी जुळते.)

कोल्हापुरात तर जमीन गल्लीगणिक बदलते. एकीकडं चार-पाच फुटांवर मुरूम लागतो, पंचगंगेच्या बाजूला काळी माती खोल जाते, आणि हे तळ्यांचं गाव. किती तळी बुजवून वर वस्ती, मैदानं, मंडई झाली. कपिलतीर्थ मंडईत भाजी घेताना खाली तीर्थ होतं हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

म्हणून बिल्डरकडं सॉइल रिपोर्ट मागा. त्यात एसपीटी चाचणीचा एन आकडा असतो, म्हणजे जमिनीत नळी ठोकायला किती ठोके लागले तो: तीसच्या वर असेल तर उत्तम, दहाच्या खाली असेल तर डिझाइनमध्ये मऊ जमीन धरलीय का ते विचारा. 'आमचा पाया खडकावर आहे' असं उत्तर मिळेल. पाया असेलही खडकावर, पण वर मातीचा थर किती हेही विचारा.

दुसरं, खाली नुसतं खांबांवरचं पार्किंग असेल तर तो मजला वरच्यांपेक्षा लेचापेचा राहतो. 2001 च्या भूज भूकंपात केंद्रापासून सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या अहमदाबादेत अशाच कितीतरी इमारती बसल्या. तो भूकंप 7.7 चा, कोयनेच्या शंभर पटींहून जास्त ऊर्जेचा, त्यामुळं थेट तुलना नको. पण पार्किंगच्या मजल्यावर काँक्रीटच्या भिंती किंवा जास्त ताकदीचे खांब दिलेत का, हे विचाराच.

तिसरी गोष्ट स्वतः डोळ्यांनी बघता येते. वरचे मजले अजून चढत असतील तर साइटवर सकाळी लवकर जा, खांबाला काँक्रीट ओतायच्या साच्याच्या प्लेटा लागायच्या आधी. खांबातल्या उभ्या सळयांभोवती बांधलेल्या रिंगांची टोकं आत, गाभ्याकडं वळवलेली हवीत, 135 अंशात. काटकोनात वळवून सोडली असतील तर हादऱ्यात वरचं काँक्रीट फुटलं की रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. शिवाय बीमजवळ रिंगा दाट हव्यात, मधे विरळ चालतात. झोन 3 पासून पुढं आयएस 13920 या सळयांच्या बांधणीच्या कोडप्रमाणे हे सक्तीचं आहे, तरी सळया बांधणारा फिटर घाईत काटकोनच मारतो, कारण 135 ला मनगट दुखतं. मी स्वतः एका साइटवर आख्ख्या मजल्याच्या रिंगा सोडवायला लावल्यात, आणि तो फिटर आजही मला रस्त्यात बघून फुटपाथ बदलतो.