वाचकांचे प्रश्न : निसर्ग पाहायला जावे की त्याला एकटे सोडावे?

या वेळच्या टपालातील बहुतेक पत्रांमागची अस्वस्थता एकच होती : निसर्गावर मनापासून जीव असलेली माणसे आपल्या पावलांमुळे त्याला इजा तर होत नाही ना, या शंकेने ग्रासलेली आहेत. पत्रे मोठी होती. येथे प्रत्येकातील नेमका प्रश्न तेवढा घेतला आहे.

प्रश्न : वर्षातून दोन-तीनदा दूरच्या जंगलात किंवा समुद्रकिनारी गेल्याशिवाय मला चैन पडत नाही. पण विमानप्रवासाने हवामानावर काय परिणाम होतो हे वाचल्यापासून प्रत्येक सहलीनंतर अपराधी वाटते. ज्याच्यावर प्रेम करावे त्यालाच झळ पोहोचवत हिंडणे योग्य आहे का? प्रवास बंदच करावा का?

उत्तर : आपल्या मनाला लागलेली टोचणी खोटी नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने हरितगृह वायूंच्या एकूण उत्सर्जनात पर्यटनाचा वाटा सुमारे ८ टक्के असल्याचे मांडले. त्यात वाहनांबरोबरच प्रवासी जे खातात, विकत घेतात आणि ज्या खोल्यांत राहतात त्याचाही हिशेब धरलेला होता. माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे अडीच टक्के विमानांतून येतो, आणि उंचावर उमटणाऱ्या धुरकट पट्ट्यांमुळे तापमानवाढीतील त्यांचा हिस्सा त्याहून थोडा जास्तच भरतो. दूरच्या सहलीत निसर्गाला पडणारा सर्वांत मोठा भुर्दंड बहुधा विमानप्रवासाचाच असतो. मुक्कामी गेल्यावर आपण टॉवेल किती वेळा बदलून घेतले, हा त्यापुढे फारच किरकोळ भाग आहे.

तरीही ‘बंदच करा’ असे मी सांगणार नाही. पूर्व आफ्रिकेतील विरुंगा पर्वतराजीत १९८१ च्या गणनेत डोंगरी गोरिलांची संख्या अडीचशेच्या आसपास उरली होती. आज विरुंगा आणि युगांडातील बिविंडीचे जंगल मिळून ती एक हजाराच्या वर आहे. त्यांना पाहायला येणाऱ्या माणसांनी दिलेल्या शुल्कातून रक्षकांचे पगार निघतात, आणि रवांडात २०१७ पासून या उत्पन्नाचा १० टक्के वाटा जंगलालगतच्या गावांना दिला जातो. २०२० साली महासाथीमुळे पर्यटक येणे थांबले, त्याच काळात बिविंडीमध्ये रफिकी नावाचा नर गोरिला शिकाऱ्याच्या भाल्याने मारला गेला. एका घटनेवरून नियम काढू नये हे मान्य. पण पाहणाऱ्या डोळ्यांचाही काही ठिकाणी पहारा असतो, एवढे त्यावरून नक्कीच दिसते. मात्र तिथे एका कळपाला दिवसातून एकदाच, फार तर आठ माणसांना, एक तासापुरतेच भेटू देतात, आणि अंतर राखावे लागते, कारण आपल्या साध्या सर्दीने गोरिला दगावू शकतो. हे निर्बंध काढून टाकले, तर उपकाराचे अपकार व्हायला वेळ लागणार नाही.

आपल्यासाठी माझा सल्ला असा की वर्षातील दोन-तीन धावत्या सहलींऐवजी दोन वर्षांतून एकच करावी आणि तिथे चांगले दोन आठवडे राहावे. रेल्वेने जाता येत असेल तिथे रेल्वेनेच जावे. मधल्या काळात जवळचेच एखादे ठिकाण निवडून तिथे पुन्हा पुन्हा जावे. तिसऱ्या-चौथ्या भेटीत ते आपल्याशी बोलू लागते, पहिल्या भेटीत आपण नुसते फोटो काढून परततो. पैसा कोणाच्या हाती पडतो हेही निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे. वाटाड्या, होडीवाला, खोली देणारे कुटुंब ही माणसे त्याच परिसरातली असतील, तर ते जंगल जिवंत राहण्यात त्यांचाही स्वार्थ राहतो.

प्रश्न : डोंगर चढताना पायवाटेवर चिखल असतो, म्हणून आम्ही कडेच्या गवतावरून चालतो. आमच्या गटातील एकाने यावर आक्षेप घेतला. चार माणसांच्या चालण्याने गवताचे असे काय बिघडणार?

उत्तर : आक्षेप घेणाऱ्याचे बरोबर आहे. तुडवल्या जाणाऱ्या जमिनीच्या अभ्यासातून एक गोष्ट वारंवार दिसून आली आहे : कोऱ्या जागेचे सर्वाधिक नुकसान पहिल्या काही पावलांतच होते, नंतरची पावले त्यात फारशी भर घालत नाहीत. त्यामुळे रुळलेली वाट आधीच किंमत चुकवून बसलेली असते. तिच्यावरून आणखी शंभर माणसे गेली तरी फार फरक पडत नाही, पण कडेच्या गवतातून गेलेली चार माणसे पाचव्यासाठी नवी वाट आखून देतात. पुढच्या पावसात पाणी त्याच चाकोरीतून वाहते, माती घेऊन जाते, आणि दोन-तीन वर्षांत एका वाटेच्या तीन वाटा झालेल्या असतात.

चिखल असेल तर चिखलातूनच जावे, बूट धुता येतात. खडकावर पाऊल टाकण्यापूर्वीही क्षणभर खाली पाहावे. त्यावर पिवळसर-हिरव्या रंगाचे, काळ्या रेघांनी विभागलेले, एखाद्या जुन्या नकाशासारखे दिसणारे दगडफूल असते. ते वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. तळहाताएवढा त्याचा डाग दिसला, तर तो आपल्या पणजोबांच्याही आधीपासून तिथे आहे असे खुशाल समजावे.

प्रश्न : मुलांना किनाऱ्यावरचे शंख-शिंपले घरी आणू द्यावेत का? घरात यावरून रोज वाद होतो.

उत्तर : मी आता आणू देत नाही, आणि त्याला कारण आहे. लहानपणी एका सहलीहून परतताना मी मूठभर शंख कापडी पिशवीत भरून आणले होते. रात्री पिशवीतून खरखर ऐकू आली. उघडून पाहिले तर सर्वांत सुंदर शंखातून दोन बारीक डोळे आणि एक नांगी बाहेर आली होती, आणि तो जीव कापडाच्या शिवणीला धरून वर चढू पाहत होता. समुद्र तेव्हा फार मागे राहिला होता. तो शंखवासी खेकडा दुसऱ्या दिवशी दुपारी मेला. रात्रीची ती खरखर मला अजून आठवते.

जो शंख आपल्याला रिकामा वाटतो, तो या खेकड्यांसाठी घर असतो. त्यांचे मऊ पोट उघडे असते, आणि अंग वाढले की त्यांना मोठा शंख शोधावाच लागतो. उरलेले शिंपले झिजून वाळू होतात, त्यांतला चुना पुन्हा पाण्यात मिसळतो. स्पेनमधील एका किनाऱ्यावर १९७० च्या दशकाच्या अखेरीस आणि नंतर तीस वर्षांनी केलेल्या मोजणीत पर्यटक जवळजवळ तिपटीने वाढलेले आणि शिंपले निम्म्याहूनही कमी झालेले आढळले. मुलांना ते हातात घेऊ द्यावेत, कानाला लावू द्यावेत, वाळूवर ओळीने मांडून त्यांची चित्रे काढू द्यावीत, आणि निघताना ज्याचे त्यानेच परत ठेवावे. ठेवून येण्यातही मुलांना गंमत वाटते, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : राष्ट्रीय उद्याने करताना तिथे राहणाऱ्या माणसांना हाकलले जाते आणि मग शहरी पर्यटकांसाठी दारे उघडली जातात. याला संवर्धन कसे म्हणायचे?

उत्तर : आपला राग रास्त आहे आणि इतिहासाचा त्याला आधार आहे. १८७२ साली अमेरिकेत यलोस्टोन हे जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले, तेव्हा ती ‘निर्मनुष्य’ भूमी असल्याचे चित्र उभे केले गेले. प्रत्यक्षात तिथे मूळ रहिवाशांची हजारो वर्षांची ये-जा आणि वस्ती होती, आणि त्यांना पुढे बाहेर ठेवण्यात आले. तोच साचा जगभर वापरला गेला. माणूस आणि निसर्ग ही दोन वेगळी दालने आहेत, एकात दुसऱ्याने तिकीट काढूनच शिरावे, ही समजूत त्या साच्यातून आली, आणि ती घातक आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

याच्या उलट उदाहरण नागालँडमधील पांगती गावाचे आहे. सायबेरिया, मंगोलिया आणि उत्तर चीनच्या भागातून निघून दक्षिण आफ्रिकेकडे जाणारे अमूर ससाणे शरद ऋतूत दोयांग जलाशयाच्या काठी लाखोंच्या संख्येने उतरतात. २०१२ साली तिथे मासेमारीची जाळी झाडांमध्ये ताणून हजारो ससाणे रोज पकडले आणि विकले जात असल्याचे उघड झाले. कायद्याचा बडगा पुरेसा ठरला नसता, कारण जाळी लावणाऱ्यांची चूल त्यावर पेटत होती. गावपरिषदा, चर्च, वनविभाग आणि पक्षीमित्र यांनी गावकऱ्यांशी बोलणी केली, गावानेच बंदी घातली, आणि पुढच्याच वर्षी, २०१३ च्या हंगामात, जाळी लागली नाहीत. त्या वर्षी उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवून सोडलेल्या तीन ससाण्यांना नागा, पांगती आणि वोखा अशी नावे दिली गेली. आपल्या गावाचे नाव घेतलेला पक्षी अरबी समुद्र न थांबता ओलांडतो आहे, हे गावकऱ्यांनी नकाशावर पाहिले. जे काल शिकारी होते त्यांच्यातलेच काही जण पुढे पाहुण्यांना पक्षी दाखवू लागले.

काही काळ दार सगळ्यांसाठीच लावून घेणेही कधी कधी योग्य असते. थायलंडचा माया उपसागर एका चित्रपटामुळे इतका गाजला की दिवसाला हजारो माणसे आणि असंख्य होड्या त्या चिमुकल्या खाडीत शिरत; नांगरांनी प्रवाळ मोडले. जून २०१८ मध्ये तो बंद केला आणि २०२२ च्या जानेवारीत मर्यादित संख्येने पुन्हा उघडला. दरम्यान हजारो प्रवाळ नव्याने लावले गेले, काळ्या टोकांच्या पंखांचे शार्क उथळ पाण्यात परतले, आणि आता होड्यांना बेटाच्या मागच्या बाजूला थांबावे लागते. फरक इतकाच पाहावा की दार कोणासाठी लावले जाते आणि कोणाला विचारून.

प्रश्न : गेली सहा वर्षे मी अंथरुणाला खिळलेल्या आईची शुश्रूषा करते. घराबाहेर फार तर अर्धा तास जाता येते. निसर्गप्रेमी मैत्रिणी डोंगर, जंगले, हिमशिखरे पाहून येतात. माझे पृथ्वीशी असलेले नाते तुटून गेले आहे असे वाटते. यावर काही उपाय आहे का?

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. आपल्या मैत्रिणी जे पाहतात ते सुंदर आहे आणि त्याची ओढ वाटण्यात काहीच गैर नाही. त्या ओढीला मी पर्याय देऊ शकत नाही. पण नाते तुटले आहे असे मात्र मला वाटत नाही.

इंग्लंडमधील सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवर आधारलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की आठवड्याला एकूण १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली प्रकृती आणि मनःस्थिती चांगली असल्याचे जास्त प्रमाणात सांगितले, आणि ती मिनिटे सलग होती की तुकड्यातुकड्यांत, याने फरक पडला नाही. आपला अर्धा तास आठवड्यातून चार वेळा मिळाला तरी तेवढा वेळ भरतो. त्याहून जुना, १९८४ चा एक अभ्यास तर आपल्या आईसाठीही उपयोगाचा आहे : शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. शक्य असेल तर आईची खाट झाड किंवा निदान आकाश दिसेल अशी वळवावी.

आणि एक झाड निवडावे. खिडकीतले किंवा अर्ध्या तासाच्या टप्प्यातले, कोणतेही. वहीत रोज तारीख घालून एक ओळ लिहावी : पालवी फुटली, पहिली कळी दिसली, फांदीवर कोणी घरटे बांधायला घेतले, मुंग्या कोणत्या बाजूने चढत होत्या. आईला ते झाड पाहता येत असेल तर ती ओळ तिने सांगावी आणि आपण लिहावी. जपानमधील क्योटो शहरात चेरी कधी फुलली याच्या नोंदी नवव्या शतकापासून मिळतात, कारण दरबारातली आणि मठांतली माणसे फुलांच्या मेजवान्यांच्या तारखा आपापल्या रोजनिशीत टिपत असत. हवामानशास्त्राला आपला उपयोग होईल हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते. २०२१ साली तिथला बहर २६ मार्चलाच आला. बाराशे वर्षांत इतक्या लवकर तो आल्याची नोंद नव्हती, आणि हे कळले ते त्या रोजनिशांमुळे.

दुसरे वर्ष सुरू झाले की पहिल्या वर्षीची तीच तारीख काढून शेजारी ठेवावी. पालवी चार दिवस आधी आली की चार दिवस उशिरा, हे त्या झाडाबद्दल आपल्याइतके नेमके दुसऱ्या कोणालाही ठाऊक नसेल. पहिल्या वर्षीची वही भरली की मला जरूर कळवावे. त्यातल्या काही ओळी, आपली परवानगी असेल तर, याच सदरात छापायला मला आवडेल.