वाचक विचारतात : जोहान्सबर्गची गाडी आणि लालबागचं भजन

प्रश्न : ताई, मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत की दक्षिण आफ्रिकेची गाणी तुम्ही कित्येक वर्षं ऐकताय. शब्द कळत नसताना नेमकं काय ऐकता? आणि गाण्यांनी राजकारण बदलतं असं खरंच वाटतं? माझे मित्र म्हणतात कुठेच काही बदलत नाही. (एक वाचक, मिरज)

उत्तर : मिरियम मकेबा ही तिथली गायिका मी पहिल्यांदा ऐकली ती मैत्रिणीच्या भावाने आणलेल्या कॅसेटवर. खोसा भाषेतलं लग्नाचं गाणं, आणि मधेमधे टक् टक् आवाज, आपल्याकडे गाडीवान बैल हाकताना जीभ टाळूला लावून काढतो ना तसा, आणि ती त्या भाषेतली अक्षरंच आहेत हो! त्या रात्री मी ते गाणं परत परत लावलं. नंतर कळलं की १९६० मध्ये आई वारली म्हणून घरी जायला निघाली तर तिथल्या गोऱ्यांच्या वर्णद्वेषी सरकारने तिचा पासपोर्टच रद्द केलेला, पुढची तीस वर्षं ती परदेशातच राहिली.

पण मला सगळ्यात जवळचं वाटतं ते इसिकाथामिया, नुसत्या गळ्यांवर चालणारं पुरुषांचं गाणं. झुलू खेड्यांतली माणसं खाणीत, कारखान्यात कामाला यायची, बायकापोरं गावाला आणि हे हॉस्टेलमध्ये दाटीवाटीने, आठवड्याच्या शेवटी रात्री गाण्याच्या स्पर्धा. पाऊल हलकं टाकायचं, त्या नावातच ते हलकं चालणं आहे. माझे वडील परळच्या गिरणीत होते, लालबागला एका खोलीत गावची पंधरा माणसं पाळीपाळीने झोपायची, आम्ही आईबरोबर कोकणात. शनिवारचं भजन ते कधी चुकवायचे नाहीत, म्हणायचे, सहा दिवस मशीनच्या आवाजात स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, तो शनिवारी ऐकायचा. लेडीस्मिथ ब्लॅक मंबाझो या इसिकाथामिया गाणाऱ्या गटाचे सगळे आवाज एकदम खाली उतरतात तेव्हा मला हेच आठवतं, मग शब्द कशाला लागतात?

आता राजकारण. काळ्या लोकांना मतही न देणारं ते गोऱ्यांचं सरकार गाण्याने पडलं असं मी म्हणणार नाही, संप, बहिष्कार, तुरुंगवास, जगाचे निर्बंध, सगळंच लागलं. आपल्या देशाने तर १९४६ लाच त्यांच्याशी व्यापार तोडला होता, आपला पासपोर्ट दक्षिण आफ्रिकेला चालायचाच नाही. पण काहीच हलत नव्हतं ती मधली वर्षं लोकांनी कशी काढली असतील? वुयिसिले मिनी हा कामगार पुढारी गाणी रचायचा, १९६४ ला त्याला प्रिटोरियात फाशी दिली, आणि त्याची गाणी लोक नंतरही म्हणत राहिले. ट्रम्पेट वाजवणाऱ्या ह्यू मसेकेलाने मंडेलांना घरी आणा म्हणून गाणं केलं तेव्हा ते तुरुंगातच होते. त्या गाण्यात मंडेला बायकोचा, विनीचा हात धरून रस्त्याने चालतायत. आणि ११ फेब्रुवारी १९९० ला, २७ वर्षांनी, ते खरंच विनीचा हात धरून चालत बाहेर आले! अजूनही ते चित्र बघितलं की माझ्या अंगावर काटा येतो.

२७ एप्रिल १९९४ चं मतदान मी टीव्हीच्या बातम्यांत पाहिलं, लेकीला मांडीवर घेऊन. त्या न संपणाऱ्या रांगा, आयुष्यात पहिल्यांदा मत देणाऱ्या म्हाताऱ्या बायका. मंडेलांनी स्वतः मत दिलं डर्बनजवळच्या इनांडाला, गांधीजींचा फिनिक्स आश्रम त्याच भागात आहे. मी सरळ रडले.

पुढे तिथे भ्रष्टाचार झाला, बेकारी प्रचंड आहे, हे मलाही माहितीय आणि वाईटही वाटतं. पण तुमच्या मित्रांना एवढं सांगा, २०२४ मध्ये त्याच लोकांनी मंडेलांच्याच पक्षाचं बहुमत मतपेटीतून काढून घेतलं, आणि पक्षाने ते मान्य करून इतरांना बरोबर घेऊन सरकार बनवलं. ज्यांना मतच नव्हतं त्यांच्या हातात आज हे आहे, याला बदल नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

प्रश्न : सुरुवात कशाने करू? (तोच वाचक)

उत्तर : मसेकेलाच्या ‘स्टिमेला’ने. स्टिमेला म्हणजे कोळशाची आगगाडी, मोझांबिक, मलावी अशा कुठून कुठून माणसं भरून जोहान्सबर्गच्या खाणींकडे आणणारी, आणि तो तोंडानेच इंजिनाची शिट्टी काढतो. हेडफोन लावून, शक्यतो रात्री ऐका. वडील असते तर त्यांनाही मी आधी हेच ऐकवलं असतं.