गावाचे सांडपाणी चारापिकाला: काय करावे, काय टाळावे

प्रश्न: आमच्या दीड हजार वस्तीच्या गावाचे सांडपाणी गटारातून ओढ्याला मिळते. ते मोटारीने उचलून मेथी, कोथिंबीर व चारापिकांना देता येईल का? जमीन भारी काळी असल्याने घरोघरचे शोषखड्डे पावसाळ्यात तुंबतात. त्यावर उपाय काय?

उत्तर: मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा, गाजर अशा जमिनीलगत वाढणाऱ्या किंवा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना हे पाणी अजिबात देऊ नये. चारापिके, बांबू आणि बांधावरील झाडे यांना ते प्रक्रिया करूनच द्यावे.

मुळात गटारात काय येते ते आधी पाहावे. आंघोळीचे व धुण्याभांड्याचे पाणी एक आणि शौचालयाचे मैलापाणी दुसरे. परंतु चार-दोन घरांनी जरी सेप्टिक टाकीचा निचरा गटारात सोडला असेल, तरी ते सगळेच पाणी मैलापाणी समजावे लागते, कारण जंतांची अंडी त्यातूनच येतात. ग्रामपंचायतीने पहिला खर्च अशा जोडण्या शोधून बंद करण्यावर करावा. जिथे ते शक्य नाही, तिथे प्रक्रियेची तळी (त्यांची माहिती पुढे आहे) मैलापाणी गृहीत धरूनच आखावीत.

शोषखड्ड्यांबाबत आपला अनुभव अपेक्षितच आहे. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने शोषखड्ड्यांच्या जोरावर गटारे बंद केली हे खरे. पण काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी मुरण्याच्या वाटा बुजतात. काळ्या थराखालच्या मुरमापर्यंत खड्डा नेता येत असेल आणि पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा बोअर पुरेशी दूर असेल, तरच तो उपयोगी ठरतो. अन्यथा गावाच्या उताराला एकामागून एक तीन स्थिरीकरण तळी, म्हणजे सांडपाणी काही दिवस थांबवून शुद्ध करणारी तळी, करावीत.

दरडोई 55 लिटर पाणीपुरवठा धरल्यास दीड हजार लोकांमागे रोज 82,500 लिटर पाणी येते आणि त्याचे सुमारे 55,000 लिटर सांडपाणी होते. पहिल्या अडीच मीटर खोल तळ्यात दोन दिवस गाळ बसेल, दुसऱ्या दीड मीटर खोल तळ्यात आठ दिवस शेवाळ व जिवाणू आपले काम करतील आणि तिसऱ्या एक मीटर खोल तळ्यात चार दिवस उन्हाने रोगजंतू कमी होतील. बांध धरून यासाठी आठ-दहा गुंठे जागा लागेल. विजेचा खर्च नाही, मात्र पहिल्या तळ्यातील गाळ काही वर्षांनी काढावाच लागतो, आणि बहुतेक गावांत योजना नेमकी तिथेच मोडते. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) टप्पा 2 मध्ये पाच हजारांपर्यंतच्या गावांसाठी सांडपाण्याच्या कामासाठी निधीचा निकष दरडोई 280 रुपये होता. त्या हिशेबाने आपल्या गावाचे 4,20,000 रुपये होतात.

पाणी किती क्षेत्राला पुरेल याविषयी बहुतेकांची अपेक्षा फार मोठी असते. उन्हाळ्यात चारापिकाला दिवसाला सहा ते आठ मिलिमीटर पाणी लागते, म्हणून तळ्यांतील बाष्पीभवन वजा जाता दीड ते दोन एकर हत्तीगवतच त्यावर धरावे. या पाण्यातून नत्रही मिळते. युरियाची मात्रा नेहमीइतकीच ठेवल्यास गवत लोळते आणि चाऱ्यात नायट्रेट साचू शकते, त्यामुळे ती कमी करावी.

काळ्या जमिनीला खरा धोका साबण व धुण्याच्या पावडरीतील सोडियमचा आहे. मातीचे कण विखुरतात, निचरा मंदावतो आणि वरचा थर कडक होतो. पाण्याची क्षारता, सोडियमचे प्रमाण आणि अवशिष्ट सोडियम कार्बोनेट (कॅल्शियम व मॅग्नेशियमपेक्षा जास्तीचे कार्बोनेट व बायकार्बोनेट) पेरणीपूर्वी तपासून घ्यावे. शेवटचा आकडा 2.5 मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटरच्या वर असल्यास ते पाणी विहिरीच्या चांगल्या पाण्यात मिसळल्याशिवाय देऊ नये, आणि माती परीक्षणाच्या अहवालानुसार जिप्सम टाकावे.

पाणी सरीतूनच द्यावे, तुषार संचाने कधीही देऊ नये. कापणीपूर्वी काही दिवस पाणी तोडून चारा सुकवून घालावा, जनावरे त्या शेतात चरायला सोडू नयेत, आणि पाणी देणाऱ्याने गमबूट व हातमोजे वापरावेत. तपासणीसाठी तिसऱ्या तळ्याच्या निकासावरील एक लिटर पाणी, त्याच पाण्याने विसळलेल्या स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत भरून, त्याच दिवशी माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत द्यावे.