पेटी पाठवतो आहे

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

बाबा काठी टेकत पडवीपर्यंत येतात हे वाचून बरं वाटलं. बाकीचं पत्र मी दोनदा वाचलं. सत्तर कलमं, सोसायटीचं कर्ज, ऐन मोहोराची वेळ, आणि दादरला गुरूंकडे अर्धवट राहिलेला मारवा राग. शेवटी एकच ओळ, ‘काका, काय सोडू?’

आधी माझं सांगतो. वडील गेले म्हणून मी मुंबई सोडली आणि गाणं राहिलं, असं तू ऐकलं असशील. गावात सगळे हेच सांगतात, मीही चाळीस वर्षं हेच सांगत आलो. खरं असं की, त्याच्या आदल्याच महिन्यात गुरुजींच्या घरच्या बैठकीत विलंबित एकतालात मी दोनदा समेला चुकलो होतो. तिसऱ्यांदा तर डोळे मिटून नुसता आलाप करत बसलो. तबलजी ठेका धरून माझी वाट बघत होता. घरून तार आली तेव्हा मी रडलो, पण एसटी पनवेलच्या पुढे गेली तसं आतून सुटल्यासारखं वाटलं. ते मी आई आणि बहिणींच्या नावावर खपवलं. आई ओळखून होती, असं आता वाटतं. मी पेटीला हात लावला की ती उठून चुलीकडे जायची.

म्हणून विचारतो. बागेसाठी थांबते आहेस ना? मग खुशाल थांब. पण मारवा जमत नव्हता म्हणून थांबत असलीस, तर तो हिशेब बाबांच्या आजारपणात मांडू नकोस.

आता कामाचं. बाग काही बारा महिने माणूस मागत नाही. सध्या फवारणी आणि राखण, मार्च ते मे काढणी, पाऊस लागला की कलमं तुला सोडतात. त्यातून हापूस दरसाल सारखा धरत नाही, एक साल भरभरून तर एक साल आड. लांबची तीसेक कलमं यंदा कराराने देऊन टाक, पण कागद केल्याशिवाय नको. आणि दलालाकडून आगाऊ उचल तेवढी घेऊ नकोस. उचल घेतली की माल त्याच्याच गाळ्यावर जातो आणि भावही तोच सांगतो. ‘चेडवाक बाग जमतली काय?’ म्हणत पोरीवर शंका घेणारे भेटतील. त्यांना काढणीजोगं, चौदा आणे तयार फळ कसं ओळखायचं ते विचार, बरेच गप्प होतील.

गुरूंना आजच पत्र लिही आणि मृगानंतरचे तीन-चार महिने मागून घे. संध्याकाळी तुतारी एक्सप्रेसमध्ये बसलीस की सकाळी दादर. घरी आईच्या मदतीला काकूला बोलाव. ऑगस्टात कलमांना मोहोराचं औषध, कल्टार, घालायला दोन दिवस यावं लागेल, गणपतीला तर येशीलच.

तोवर रियाझ. काढणी पहाटेची, म्हणजे खालच्या सुरांच्या, खर्जाच्या रियाझाची वेळ गेलीच. तर संध्याकाळ धर, मारवा नाहीतरी तेव्हाचाच. बागेतल्या खोपटाच्या, मांगराच्या पायरीवर बसून मोबाईलवर तानपुरा लाव आणि कोमल रिषभ नुसता धरून ठेव. तास नको, वीस मिनिटं पुरे, पण रोज. आणि एक नीट ऐक, वानर हाकायला ओरडायचं नाही. तेलाचा रिकामा डबा आणि दांडा जवळ ठेव. हुडहुड करून एका हंगामात गळा घालवलेली माणसं मी पाहिली आहेत. (वानरांनाही डब्याचीच भीती जास्त असते.) फवारणी गड्याला करू दे आणि तू वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभी राहा.

वय निघून जाईल म्हणतेस. गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई लहानपणी काही महिने अब्दुल करीमखाँसाहेबांकडे शिकल्या, मग वझेबुवांकडे, तेही बुवा गोव्यात येतील तेव्हा. सगळं तुकड्यातुकड्यांनी. १९२१ साली अल्लादियाखाँसाहेबांची तालीम नीट सुरू झाली, तेव्हा त्या तिशीला टेकल्या होत्या. तू केसरबाई होशील असं मी म्हणत नाही. तेविसाव्या वर्षी उशीर झाला म्हणू नकोस, इतकंच.

आंब्याच्या पेट्या मला पाठवू नकोस, त्या वाशीला जाऊ देत. मीच माझी पेटी पाठवतो आहे. शनिवारच्या एसटीत ठेवतो, कणकवली स्टँडवर कंडक्टरकडून उतरवून घे. मधल्या सप्तकातला धैवत दमट हवेत चिकटतो, पट्टी हलकेच वर उचलली की सुटतो. मांगरात मात्र ठेवू नकोस, उंदीर भाता कुरतडतात.

तुझा,
काका