रंगभूमी आणि देवधर्म : वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न : जपानचं नोह नाटक म्हणजे देवळातली पूजाच असते का?

सगळं नोह पूजा नाही, पण मुळं तिथलीच. नोहच्या रंगमंचावर मागच्या फळ्यांवर एक पाइनचं झाड रंगवलेलं असतं, नाटक कुठलंही असो पडदा तोच, आणि ते झाड जपानमधल्या नारा शहरातल्या कासुगा देवस्थानातल्या झाडावरून आलं असं मानतात. ‘ओकिना’ हा नोहचा खेळ तर उघडउघड विधीच. त्यातला मुख्य नट आधी काही दिवस सोवळं पाळायचा, वेगळ्या विस्तवावर शिजवलेलं खायचा. बाकी नोहमध्ये मुखवटा आत चढवून येतात, इथे नट प्रेक्षकांसमोर नमस्कार करून मुखवटा घालतो आणि त्या क्षणापासून तो देव. आपल्याकडे दशावतारात आधी गणपती येतो ना, तसंच काहीसं समजा.

प्रश्न : मग शेक्सपिअरकडे धर्म एवढा लपलेला का वाटतो?

कारण सरकारने तो स्टेजवरून हाकलला. आधी इंग्लंडातही नाटक चर्चच्याच अंगणातलं होतं. यॉर्क शहरात कॉर्पस ख्रिस्ती या कॅथलिक सणाला बायबलच्या गोष्टी गाड्यांवर करत रस्तोरस्ती फिरायचे, एकेक प्रसंग एकेका धंद्याच्या लोकांकडे, म्हणजे बायबलमधल्या प्रलयाच्या गोष्टीतल्या नोहाची (नोह नाटकाशी संबंध नाही) नाव बांधायचा प्रसंग जहाज बांधणाऱ्यांकडे आणि येशूला क्रुसावर ठोकायचा प्रसंग खिळे बनवणाऱ्यांकडे! मला हे फार आवडतं, आपापलं हत्यार घेऊनच भक्ती. पण देश प्रोटेस्टंट झाला, १५५९ मध्ये एलिझाबेथ राणीने धर्माच्या विषयावर नाटकं नकोत असा हुकूम काढला, यॉर्कचा तो खेळ १५६९ नंतर बंद पडला. १६०६ च्या कायद्याने तर स्टेजवर देवाचं नाव हलक्याने घेतलं की १० पौंड दंड.

प्रश्न : भुतं तर दोन्हीकडे आहेत, मग फरक काय?

हा प्रश्न सगळ्यात आवडला. नोहचा जुना नाटककार झेआमी, त्याचं ‘अत्सुमोरी’ घ्या. ११८४ च्या इचिनोतानीच्या लढाईत कुमागाई नावाच्या योद्ध्याने सोळा-सतरा वर्षांच्या अत्सुमोरीला मारलं, आणि ते इतकं मनाला लागलं की तो रेन्सेई नावाने भिक्षू झाला. नाटकात तो त्याच रणभूमीवर येतो, गवत कापणारी पोरं भेटतात, त्यातला एकजण मागे थांबतो आणि म्हणतो, माझ्यासाठी दहा वेळा नामस्मरण करा. ते नाम म्हणजे ‘नमु अमिदा बुत्सु’, अमिदा बुद्धाला नमन, त्यातला ‘नमु’ म्हणजे आपलंच ‘नमो’. रात्री तोच पोरगा, म्हणजे अत्सुमोरी, चिलखत घालून भूत होऊन येतो, लढाई पुन्हा जगतो, मारणाऱ्यावर तलवार उगारतो आणि थांबतो. तू शत्रू नाहीस, माझ्यासाठी प्रार्थना कर. दोघं एकाच कमळावर जन्म घेतील असं गायलं जातं, आणि रेन्सेई या नावाचा अर्थच कमळात जन्मलेला. दरवेळी इथे गळा दाटतो.

आता शेक्सपिअरच्या हॅम्लेटच्या बापाचं भूत बघा. तेही सांगतं की पापं जळून जाईपर्यंत मी आगीत आहे, म्हणजे हे जुन्या कॅथलिक समजुतीतलं शुद्धीस्थान झालं. पण नवीन प्रोटेस्टंट चर्चने ते नाकारलेलं, मेलेल्यांसाठी मंत्रजप बंद. मग या भुताने मागायचं काय? ते म्हणतं, सूड घे, मला विसरू नको. प्रार्थना मागतच नाही. माझ्या मते हॅम्लेटचं अर्धं दुखणं इथे आहे, बापासाठी करायला कुठलाही विधी उरला नाही, हातात राहिली फक्त तलवार. मृतासाठी काही करता येणं केवढा आधार असतो, हे दहावं-तेरावं केलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

प्रश्न : काबुकीत, म्हणजे जपानच्या दुसऱ्या, लोकप्रिय नाटकात, तर निव्वळ करमणूक ना?

बरीचशी हो. पण सुरुवात बघा, १६०३ च्या सुमाराला क्योतोत नाचून गाजलेली ओकुनी स्वतःला इझुमोच्या देवस्थानाची सेविका म्हणवायची, आणि जुन्या चित्रांत ती भिक्षूचा काळा झगा घालून, गळ्यात छोटी घंटा अडकवून नाचताना दिसते. नाचाचं नाव नेम्बुत्सु, म्हणजे अत्सुमोरीने मागितलं तेच नाम.