टाकीवर चढल्याशिवाय ऑप्शन फॉर्म भरू नकोस

प्रिय भाचीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी जेवताना तुझ्या इंजिनिअरिंगच्या ऑप्शन फॉर्मवर, म्हणजे कोणती ब्रांच आणि कोणतं कॉलेज यावर सगळे बोलले, तू सोडून. दाजींनी कॉम्प्युटरवाल्यांच्या पॅकेजचे आकडे ऐकवले, आजीने पाटबंधारे खात्यातल्या चुलतभावाचा दाखला दिला आणि मी आमरस जास्त झाल्यामुळे गप्प होतो. निघताना चपला घालता घालता तू हळूच म्हणालीस, "मामा, मेकॅनिकल की कॉम्प्युटर हे नंतर. मला काय आवडतं हेच मला कळत नाहीये." तेवढ्यात लिफ्ट आली आणि ताईने हाक मारली. तुला उत्तर द्यायचं राहिलं, म्हणून हे पत्र.

"आधी आवड ओळख" असं मी सांगणार नाही. न केलेल्या कामाची आवड कळणार कशी? त्यापेक्षा चूक झाली की तुझं काय होतं, ते बघ. दोन्हीकडे दिवसाचा मोठा भाग चुका शोधण्यातच जातो, फक्त चुकांची जात वेगळी.

मी बी.ई. मेकॅनिकल होऊन भोसरीत एका छोट्या कारखान्यात लागलो होतो. काम होतं बेअरिंगच्या हाउसिंगचं, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं त्या कवचाचं. आतला बोअर, म्हणजे गोल भोक, ५२ मिलिमीटर, वर सूट फक्त ०.०३ ची. एका रात्रपाळीत सीएनसी मशीनचं इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारं टोक, बदलल्यावर माप ५२.०२५ यायला लागलं. बसत होतं, पण अगदी कडेला. ते खाली आणायला ऑफसेटमध्ये, म्हणजे मशीनला द्यायच्या मापाच्या दुरुस्तीत, उणे ०.०२ टाकायचं होतं. मी उणे विसरलो. सकाळी इन्स्पेक्शनच्या काकांनी प्लग गेज, म्हणजे भोकाचं माप तपासायचा दांडा, उचललं. त्याचं 'गो' टोक आत जायला हवं आणि 'नो-गो' टोक तोंडाशीच अडायला हवं. नो-गो सरळ आत गेलं. काकांनी दुसरा नग घेतला, तिसरा घेतला, मग माझ्याकडे न बघता लाल रंगाचा डबा पुढे ओढला. बासष्ट नग. लहान झालेला बोअर मोठा करता येतो. मोठा झालेला परत भरायचा तर खर्च नगाहून जास्त. एका उणे चिन्हापायी सगळं भंगारात गेलं.

पुढे दहा वर्षांनी मी हिंजवडीत गाडीच्या इंजिनाच्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर लिहायला लागलो. तिथेही एकदा उणे विसरलो. कोड तपासणारी चाचणी लाल झाली, म्हणजे नापास, मी चिन्ह टाकलं, चाचणी हिरवी झाली. हातातला चहा अजून गरम होता.

यावरून कॉम्प्युटर सोपं असं समजू नकोस. कारखान्यात गेज तयार मिळतं, आणि नो-गो आत गेलं की वाद संपतो. सॉफ्टवेअरमध्ये ते गेज, म्हणजे चाचणी, तुलाच बनवावं लागतं, आणि तू ज्याचा विचार केला नाहीस ते त्यातून हमखास सुटतं. आमच्याकडे एक दोष महिन्यातून एकदाच दिसायचा, तोही गाडी उन्हात उभी राहून पुन्हा सुरू केली तरच. त्याच्यामागे आम्ही दोघं अख्खा पावसाळा होतो. आता एआय कोड लिहून देतं म्हणून दाजी घाबरले आहेत. मला तितकी भीती वाटत नाही. लिहिण्याचं काम कमी होईल, पण बरोबर आहे का हे पारखणाऱ्याचं वाढेल. ज्यांना फक्त टाइप करायला आवडतं त्यांचं मात्र अवघड आहे.

सिव्हिलची तऱ्हा तिसरीच. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि नदीकाठचं निम्मं पुणं पाण्यात उभं राहिलं. त्या विषयात 'परत चालवून बघू' नसतं. आजीला विचार, ती त्या दिवशी कुठे होती.

आता तुझ्यापुरतं. तुमच्या सोसायटीची वरची टाकी रोज वाहते, हे मला ताईच्या तक्रारींवरून पाठ आहे. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जा, एक अर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड, आणि एचसी-एसआर०४ नावाचा अल्ट्रासॉनिक सेन्सर घे. दुकानदार "प्रोजेक्ट का?" विचारेल, हो म्हण. हा सेन्सर आवाज सोडतो, तो पाण्यावर आपटून परत येतो. लागलेल्या वेळाला आवाजाच्या वेगाने गुणायचं आणि दोनाने भागायचं, की पाणी किती खाली आहे ते कळतं. घरात टेबलावर हे तासाभरात जमेल. टाकीत लावलंस की दुसऱ्या दिवशी सेन्सरवर वाफ धरेल आणि आकडे वेड्यासारखे उड्या मारतील. शिवाय आवाजाचा वेग तापमानाबरोबर बदलतो, एका अंशाला सेकंदाला साधारण ०.६ मीटर. म्हणजे मे महिन्यातली दुपार आणि जानेवारीतली पहाट यांत दोन मीटरवर दहाएक सेंटीमीटरचा फरक.

इथे स्वतःकडे नीट लक्ष ठेव. उड्या मारणारे आकडे गाळायला, तापमानाची दुरुस्ती सूत्रात घालायला, सगळ्या सोसायटीच्या फोनवर पातळी दाखवायला तुझे हात शिवशिवले, तर एक कळलं, कॉम्प्युटर. वाफ धरणारच नाही अशी डबी कशी करू, सेन्सर कुठे टांगू, कोणतं प्लास्टिक उन्हात टिकेल, यात रात्र गेली, तर दुसरं कळलं, मेकॅनिकल. दोन्हींत रमलीस तर ई अँड टीसीकडेही, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनकडेही बघ. पुण्यात ती ब्रांच उगाच दुय्यम मानतात. दहावीत असताना विज्ञान दिनाला तू खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघून आलीस ना? त्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या वाऱ्याला दाद देत नाहीत, कारण पृष्ठभाग पत्र्याचा नसून बारीक तारांच्या जाळीचा आहे. ते डोकं स्ट्रक्चरवाल्यांचं. त्या सगळ्यांचे सिग्नल एकत्र जुळवणारं काम कॉम्प्युटरवाल्यांचं. मधला रिसीव्हर इलेक्ट्रॉनिक्सचा.

बाकीचं थोडक्यात. कॉम्प्युटरसाठी इंजिनिअरिंगच हवं असं नाही. गणित आवडत असेल तर फर्ग्युसनचं बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सही यादीत घे. कॉलेजच्या नावासाठी नको ती ब्रांच घेऊ नकोस, आणि ब्रांचसाठी लॅबला कुलूप असलेलं कॉलेजही नको. ती लॅब स्वतः जाऊन बघ, माहितीपत्रकातल्या फोटोवर जाऊ नकोस. दाजींशी मी बोलतो. ते रागावत नाहीत, नुसते आकडे सांगतात.

शनिवारी सकाळी ये, तपकीर गल्लीत मीही येतो. सेन्सर दोन घेऊ, पहिला वाफेने जाणारच. आणि चपला नको, बूट घालून ये. गच्चीवर शेवाळ धरलंय, शिडी मी धरेन.

तुझा,
मामा